वयाची वजाबाकी आणि बेरीज

'म्हातारपण' हा शब्द ऐकल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? बहुधा काठी, चष्मा, कवळी आणि औषधाच्या गोळ्यांची डबी. घरातील आजोबा स्वतःसुद्धा हसत म्हणतात, "आता गाडी जुनी झाली. सुटे भाग मिळायचे नाहीत." आपणही हसतो आणि मनाशी धरून चालतो, की माणसाचे वय वाढणे म्हणजे यंत्राची झीज होणे. हे मत निम्मेच खरे आहे आणि उरलेले निम्मे आपण कधी तपासलेलेच नाही, असे मला वाटते. तपासायला लागू या, आणि सुरुवात एका खऱ्याखुऱ्या यंत्रापासून करू.

नाशिक रोडपासून जवळच, गोदावरीच्या काठी एकलहरे नावाचे गाव आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या आणि फुगीर मनोरे दुरूनच दिसतात. या केंद्राचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले. त्यानंतर प्रत्येकी २१० मेगावॉटचे आणखी तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिले. दगडी कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, त्या वाफेच्या जोराने टर्बाइन मिनिटाला ३००० वेळा फिरवायचे आणि वीज तयार करायची, असे हे काम. टर्बाइनमध्ये शिरणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची असते. एवढ्या उष्णतेत आणि दाबाखाली वर्षानुवर्षे राहिलेली पोलादी नळी अगदी मंद गतीने ताणली जाते. ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी थोडी वाढते, तिच्यात सूक्ष्म भेगा पडू लागतात आणि एक दिवस ती बदलावी लागते. नळी स्वतःची दुरुस्ती करीत नाही. कालच्या उष्णतेवरून ती आज काही शिकत नाही. पहिल्या दोन संचांचे असेच वय झाले आणि ते कायमचे बंद करण्यात आले. यंत्राचे वय म्हणजे अशी सरळ वजाबाकी असते. ते नवे असते, तेव्हाच सर्वांत चांगले असते.

आता त्याच केंद्रातील दुसरी एक वस्तू पाहा. कोळसा जळाल्यावर धुराबरोबर पिठासारखी बारीक राख निघते. तिला आपण 'फ्लाय ॲश' म्हणतो. ही राख सिमेंटमध्ये मिसळली तर काय होते? पहिल्या काही आठवड्यांत असे काँक्रीट साध्या काँक्रीटच्या मागे पडते. पण सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी राखेतील सिलिका सावकाश संयोग पावत राहते. महिन्यांमागून महिने ही क्रिया चालते, आतील बारीक पोकळ्या भरत जातात आणि योग्य प्रमाणात राख घातलेले काँक्रीट पुढे साध्या काँक्रीटपेक्षा अधिक मजबूत व पाणी कमी झिरपू देणारे होऊ शकते. अकोले तालुक्यातील घाटघर येथे रोलरने दाबून केलेल्या काँक्रीटची देशातील पहिली धरणे बांधली गेली, तेव्हा त्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राखच अधिक होती. अशा काँक्रीटची परीक्षा नेहमीच्या अठ्ठाविसाव्या दिवशी घेऊन मोकळे झालो, तर त्याच्यावर अन्याय होईल.

म्हणजे निर्जीव वस्तूंमध्येसुद्धा सगळ्याच काही वयाबरोबर केवळ झिजत नाहीत. मग माणूस तर सजीव आहे. तो तुटलेले सांधतो, घडलेले लक्षात ठेवतो आणि चुकांतून शिकतो. त्याच्या वयाचा हिशेब फक्त वजाबाकीने कसा पुरा होईल?

मात्र वजाबाकी नाहीच, असे सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. तिचा पडताळा तुम्ही घरीच घेऊ शकता. तीस सेंटिमीटरची एक पट्टी घ्या. ती उभी धरून शून्याची बाजू आजीच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधोमध ठेवा. न सांगता पट्टी सोडून द्या आणि आजीने ती चिमटीत पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली, ते वाचा. पट्टी २० सेंटिमीटर पडायला सुमारे ०.२० सेकंद लागतात, तर ३० सेंटिमीटर पडायला सुमारे ०.२५ सेकंद. आता तुमची पाळी. दहा-दहा वेळा करून सरासरी काढा. बहुतेक घरांत तुम्हीच जिंकाल. नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग विशीच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि त्यानंतर हळूहळू उतरू लागतो. डोळ्यांतील भिंगही वयाबरोबर ताठर होत जाते, म्हणून चाळिशीच्या सुमारास वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. हे सर्व खरे आहे.

आता दुसरी चाचणी. दोघांनीही कागद-पेन्सिल घ्या. घड्याळ लावून पाच मिनिटांत पावसाची नक्षत्रे, रानभाज्या, बैलगाडीचे भाग आणि जवळच्या झाडांची नावे लिहा. आजीला लिहिणे अवघड जात असेल, तर ती सांगेल आणि तुमची बहीण लिहील. मृग आणि रोहिणी तुम्हांलाही आठवतील. पण आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी रांग आजीच्या तोंडून कशी भराभर येते, ते ऐका. गाडीला चाक असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. जू, साटा, आरे, धाव आणि कणा हे तिला ठाऊक आहे. या परीक्षेत बहुधा तुम्ही हराल.

हा केवळ घरगुती खेळ नव्हे. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार मानले होते. एक, अगदी नवे कोडे सोडवणारी चपळ बुद्धी आणि दुसरी, अनुभव व शिक्षण यांतून साठत जाणारी बुद्धी. पहिली तारुण्यात शिगेला पोहोचते. दुसरी मात्र कितीतरी पुढपर्यंत वाढत राहते. अमेरिकेतील जोशुआ हार्टशॉर्न आणि लॉरा जर्माइन यांनी हजारो लोकांच्या चाचण्यांवरून २०१५ मध्ये दाखवून दिले, की वेगाची शिखरे विशीच्या आत-बाहेर येतात, पण शब्दसंग्रहाचे शिखर थेट साठीच्या उत्तरार्धात किंवा सत्तरीच्या आरंभी येते. सर्व शक्तींचे शिखर एकाच वयात येत नाही. अमुक वय माणसाचे सर्वांत उत्तम, असे म्हणणेच मुळी चुकीचे आहे.

साठलेली बुद्धी कमी झालेला वेग कसा भरून काढते, याचे एक सुंदर उदाहरण आहे. टिमथी सॉल्टहाउस या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वृद्ध टंकलेखकांची बोटे साध्या प्रतिक्रियेच्या चाचणीत तरुणांपेक्षा मंद ठरली. तरी टंकलेखनाच्या वेगात ते मागे पडत नव्हते. असे कसे? सॉल्टहाउसने टंकलेखकांना एका वेळी पुढची किती अक्षरे दिसतात, ते कमी-जास्त करून पाहिले. तेव्हा कळले, की वयस्क मंडळी मजकुरात अधिक पुढे पाहत असत. एक अक्षर दाबत असतानाच त्यांची नजर पुढच्या अक्षरांवर पोहोचलेली असे. पुढचे अक्षर लपवले, की त्यांचा वेग घसरे. बोटांनी गमावलेले त्यांनी नजरेने कमावले होते. घाई न करता पुढचे पाहून ठेवणे, यालाच आपण व्यवहारात 'अनुभव' म्हणतो.

शरीराचीही अशी एक बेरीज असते. तुम्हांला वर्षातून कितीदा सर्दी होते आणि आजोबांना कितीदा होते, ते आठवून पाहा. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा सर्दी अधिक वेळा होते, याचे एक कारण असे, की मुलांच्या शरीराची पुष्कळशा विषाणूंशी अजून ओळखच झालेली नसते. रोगाशी एकदा झुंज झाली, की रक्तातील काही पेशी त्या शत्रूची खूण लक्षात ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. ही स्मृती किती टिकावी? १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात अपार मनुष्यहानी केली होती. ती साथ जगाच्या दुसऱ्या टोकालाही गेली होती. अमेरिकेत त्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या ३२ जणांचे रक्त तपासून शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्वद वर्षांनंतरही त्या जुन्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात होती! पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, स्वाइन फ्लूची साथ आली. ऑगस्टमध्ये भारतातील त्याचा पहिला बळी पुण्यात गेला. त्या साथीत साठीपुढच्या लोकांना लागण तुलनेने कमी झाली. कारण त्यांच्या बालपणी फिरणारे विषाणू या नव्या विषाणूचे जवळचे नातलग होते.

येथेही बेरजेची मर्यादा सांगितली पाहिजे. २०२० मध्ये कोविडचा विषाणू आला, तेव्हा तो सर्वांनाच अनोळखी होता. जुनी आठवण कामास येईना आणि नव्याने लढण्याची ताकद वयाबरोबर उतरलेली. त्यामुळे वृद्धांनाच सर्वांत अधिक झळ पोहोचली. पूर्वी आलेले संकट पुन्हा आले तर म्हातारा माणूस बळकट, आणि कधीच न आलेले आले तर तो दुबळा, असा हा हिशेब आहे.

मनाचे काय? म्हातारपणी माणूस चिडचिडा आणि दुःखी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. लॉरा कार्स्टनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील निरनिराळ्या वयांच्या लोकांजवळ पेजर दिले. आठवडाभर दिवसातून पाच वेळा तो वाजे आणि त्या क्षणी मनाला काय वाटत आहे, ते नोंदवावे लागे. काही वर्षांनी त्याच लोकांची अशीच नोंद पुन्हा घेण्यात आली. वयाबरोबर मन अधिक स्थिर आणि एकंदरीत अधिक समाधानी होत गेल्याचे दिसले. त्याचा एक अर्थ शास्त्रज्ञ असा लावतात : आपल्याजवळचा वेळ मोजका आहे, हे उमजले की माणूस क्षुल्लक भांडणे सोडून देतो आणि जवळच्या माणसांत रमतो. परीक्षेत दोन गुण कमी पडले म्हणून तुम्ही रात्रभर जागता आणि आजोबा मात्र शांतपणे म्हणतात, "अरे, होतं असं." त्यांना तुमची काळजी नाही, असे मुळीच समजू नका. अशी कितीतरी वादळे येऊन गेलेली त्यांनी पाहिलेली असतात.

वादळ म्हटले, की पुराचे आठवते. १९६९ च्या सप्टेंबरात नाशिकला गोदावरीचा महापूर आला होता. नाशिककर आजही पुराचे माप दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात : पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. २००८ च्या सप्टेंबरात पुन्हा मोठा पूर आला, तेव्हा या दोन पुरांच्या मधे एकोणचाळीस वर्षे गेलेली होती. चाळिशीच्या आतील माणसाने पहिला पूर जाणतेपणी पाहिलेलाच नव्हता. नदीकाठच्या कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते, कोणता ओहोळ उलटा वाहू लागतो, जनावरे कोठे नेऊन बांधावी, हे १९६९ पाहिलेल्यांनाच ठाऊक. पूरमापक यंत्रे पाण्याची उंची अचूक सांगतात, आणि ती हवीतच. पण ती बसवण्यापूर्वीचा पूर कोणाच्या तरी आठवणीतच असतो.

निसर्गालाही या आठवणीची किंमत कळते. टांझानियातील तारांगिरे या राष्ट्रीय उद्यानात १९९३ मध्ये भीषण अवर्षण पडले. हत्तींचे कळप वयस्क हत्तिणीच्या मागोमाग चालतात. ज्या कळपांत १९५८ ते १९६१ चे जुने अवर्षण पाहिलेल्या वयाच्या हत्तिणी होत्या, ते कळप उद्यान सोडून बाहेर पडले आणि त्यांची पिल्ले अधिक संख्येने वाचली. उद्यानातच थांबलेल्या कळपाची अधिक पिल्ले दगावली. पस्तीस वर्षांपूर्वीचे पाणी कोठे होते, हे त्या हत्तिणींनी जपून ठेवले असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. क्वचित येणाऱ्या संकटावरचा उपाय ज्याच्याजवळ असतो, त्याचे वय तितके असावेच लागते. तो धावण्यात पहिला आला नाही, म्हणून काय बिघडले?

येथे तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, "मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे उदाहरण का दिले नाही?" खरेच, ते तर आपल्या नाशिकशी जोडलेले. पुण्यात अभियांत्रिकी शिकून १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले आणि नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमधील मोकामाजवळ गंगेवरचा पूल कोठे बांधावा, यासाठी त्यांचा सल्ला घेण्यात आला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते आणि शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. ही उदाहरणे मनाला उभारी देतात. पण असामान्य माणसांवरून सर्वांविषयी नियम बांधणे शास्त्राला धरून नाही. म्हणूनच मी तुम्हांला टंकलेखक, रोगातून उठलेली माणसे आणि तुमच्याच घरातील आजी यांच्याकडे नेले. बेरीज थोरांच्याच घरी होते असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. सर्वच वृद्ध शहाणे असतात का? नाही. "आमच्या वेळी असे नव्हते" एवढेच वारंवार सांगणे म्हणजे अनुभव नव्हे. जुने ज्ञान कधी कधी कालबाह्य होते, कधी चुकीचेही असते. आजीने सांगितलेले औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. शिवाय स्मृतिभ्रंश हा वयाचा सहज परिणाम नसून आजार आहे, त्यावर उपचार व काळजी लागते. ज्याने जन्मभर अर्धपोटी कष्ट उपसले, त्याच्या वाट्याला वजाबाकी लवकर आणि जास्त येते. अशा माणसापुढे म्हातारपणाचे गोडवे गाणे बरे नव्हे. त्याला पेन्शन, चष्मा आणि दवाखाना आधी मिळाला पाहिजे.

पण हे सर्व मान्य करूनही माझे मत बदलत नाही. वजाबाकी आपोआप होते, ती थांबवता येत नाही. बेरीजही आत होत असते, पण ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. एकलहऱ्याच्या केंद्रात ज्याने तीस-पस्तीस वर्षे पाळीने काम केले, तो कामगार टर्बाइनचा आवाज ऐकून काहीतरी बदलले आहे हे ओळखू शकतो. निरोपसमारंभात त्याला शाल आणि नारळ मिळतो. पण तो आवाज कसा ओळखायचा, हे त्याच्याकडून कोणी लिहून घेतले का? आसपासच्या मळ्यांत द्राक्षे पिकवणारा शेतकरी ढगाळ हवा पाहून डावणीच्या रोगाची चाहूल ओळखतो. त्याच्या नातवाने ती खूण कधी विचारली का? बंद पडलेला संच निदान भंगारात तरी मोजून विकला जातो. माणसाजवळचे ज्ञान मात्र कोणी न मोजताच जाते.

म्हणून या सुटीत एक काम करा. पट्टीचा प्रयोग करा आणि जिंका, त्यात काही गैर नाही. नंतर वही उघडून घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क व्यक्तीला तीन प्रश्न विचारा : तुम्ही पाहिलेला सर्वांत मोठा पूर किंवा दुष्काळ कोणता आणि तेव्हा काय केलेत? तुमच्या कामातली अशी कोणती खूण आहे, जी पुस्तकात सापडत नाही? आणि तुमचे कोणते मत वयाबरोबर बदलले? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा. एखादी गोष्ट पटली नाही, तर ती शिक्षकांना विचारून पडताळून पाहा, कारण वयाचा मान राखणे आणि विधान तपासणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आणि एक विसरू नका. तुमचेही वय वाढतेच आहे. हा लेख वाचायला घेतला, तेव्हापेक्षा तुम्ही काही मिनिटांनी मोठे झाला आहात. तेवढ्या वेळात तुमच्या वेगात काही फरक पडला नसेल, पण निदान एखादी नवी गोष्ट तुमच्या खात्यात जमा झाली असेल. ते खाते आजच उघडलेले बरे.